फुटबॉलचे तिकीट आणि झाडीपट्टीचा पट

मैदानावर जाऊन खेळ पाहण्याचा खर्च म्हणजे तिकिटावर छापलेला आकडा, असे गृहीत धरणारी चर्चा अपुरी राहते. कारण प्रेक्षकाच्या खिशाला लागणाऱ्या झळीत मैदानाच्या दारावर मोजावी लागणारी रक्कम, तिथवर जाण्यायेण्याचे भाडे आणि त्या दिवशी बुडालेली मजुरी असे तीन भाग असतात, आणि प्रेक्षक कोठे राहतो यावर त्यांतला कोणता भाग जड ठरेल हे अवलंबून असते. चंद्रपूर आणि गडचिरोली या वनव्याप्त जिल्ह्यांत हा फरक विशेष स्पष्ट दिसतो. येथे मोजमापासाठी हाताशी असलेली सोपी पट्टी रोजगार हमीच्या मजुरीची आहे. 2025-26 या वर्षासाठी महाराष्ट्रात तो दर दिवसाला 312 रुपये ठरला होता. जगातल्या सर्वांत लोकप्रिय खेळाचा सामना पाहणे या पट्टीवर किती दिवसांच्या कामाचे पडते आणि ते प्रमाण कसकसे बदलत गेले, हे पाहिले की तिकिटामागचे अर्थकारण बरेच उलगडते.

फुटबॉलला पैसे देऊन येणारा प्रेक्षक प्रथम मोठ्या संख्येने लाभला तो इंग्लंडच्या कारखानदारी भागात. शनिवारी दुपारनंतर कामगारांना सुट्टी देण्याची पद्धत तेथे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळली, आणि मजुरी न बुडवता मोकळी मिळणारी ही अर्ध्या दिवसाची फुरसतच या खेळाच्या प्रेक्षकवर्गाचा पाया ठरली. 1888 मध्ये बारा क्लबांनी फुटबॉल लीग ही संघटना स्थापन केली आणि 1890 मध्ये प्रवेशाचा किमान दर सहा पेन्स ठरवला. क्लबांनी एकमेकांपेक्षा स्वस्त तिकीट विकून प्रेक्षक पळवू नयेत, हा या नियमाचा एक उपयोग होता; त्याचबरोबर अगदी हातावर पोट असलेला माणूस दाराबाहेरच राहील, अशीही त्यात तजवीज होती. तरीही पुढची अनेक दशके फुटबॉल कष्टकऱ्यांच्या आवाक्यात राहिले, याचे श्रेय टेरेसला द्यावे लागते. टेरेस म्हणजे मैदानाच्या कडेने बांधलेल्या, खुर्च्या नसलेल्या सिमेंटच्या पायऱ्या. त्यांवर हजारो माणसे खेटून उभी राहत, त्यामुळे माणशी तिकीट स्वस्त ठेवूनही क्लबाचा गल्ला भरे.

भारतात हा खेळ लष्कराच्या छावण्यांबरोबर आला. मुंबईची रोव्हर्स कप स्पर्धा 1891 मध्ये सुरू झाली तेव्हा ती मुख्यतः गोऱ्या पलटणींची होती आणि तिच्या विजेत्यांच्या यादीत हिंदी नागरी संघाचे नाव, बंगलोर मुस्लिम्सचे, उमटायला 1937 साल उजाडावे लागले. प्रेक्षकांच्या बाजूने पाहता त्याहून बोलका प्रसंग 29 जुलै 1911 चा आहे. त्या दिवशी कलकत्त्याच्या आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला 2-1 असे हरवले, आणि एक-दोन रुपयांची तिकिटे पंधरा रुपयांपर्यंत काळ्या बाजारात विकली गेल्याचे सांगितले जाते. आत जागा न मिळालेल्यांना गोलसंख्या कळावी म्हणून पतंग उडवले गेले, बाहेरगावच्या लोकांसाठी खास रेल्वेगाडी सोडण्यात आली. दार आणि वाट या दोन्ही खर्चांची जाणीव आयोजकांना तेव्हाही होती, असे यावरून म्हणता येते.

तिकिटाच्या इतिहासातले निर्णायक वळण मात्र एका दुर्घटनेने आणले. 15 एप्रिल 1989 रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर टेरेसवरील चेंगराचेंगरीत सापडलेल्यांपैकी एकूण 97 जणांचा मृत्यू झाला. न्यायमूर्ती टेलर यांनी जानेवारी 1990 मध्ये सादर केलेल्या अंतिम अहवालात मोठ्या मैदानांवर प्रत्येक प्रेक्षकाला आसन असावे, अशी शिफारस केली. त्यामुळे तिकिटे महागतील ही भीती त्यांनाही ठाऊक होती. म्हणूनच ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर आसनाचे तिकीट सहा पौंड आणि उभ्याचे चार पौंड आहे, हे उदाहरण देऊन दरवाढ माफक ठेवता येते, असे त्यांनी नमूद केले. शिफारशीचा आसनांविषयीचा भाग अमलात आला आणि दरांविषयीचा भाग कागदावर राहिला. 1992 मध्ये प्रीमियर लीग सुरू झाली, तिच्या प्रक्षेपणाचा पहिला पाच वर्षांचा करार 30 कोटी 40 लाख पौंडांचा असल्याचे जाहीर झाले. हा पैसा आल्यावर दारावरचा भार हलका व्हायला हवा होता. तसे घडले नाही, कारण ते उत्पन्न खेळाडूंच्या मानधनाच्या चढाओढीत जिरले आणि क्लब प्रेक्षकाकडे पुन्हा हात पसरू लागले. फेब्रुवारी 2016 मध्ये लिव्हरपूलने 77 पौंडांचे तिकीट जाहीर केले, तेव्हा हजारो पाठीराखे सामन्याच्या 77 व्या मिनिटाला उठून निघून गेले आणि काही दिवसांतच मालकांना माघार घ्यावी लागली. त्याच वर्षी पाहुण्या संघाच्या पाठीराख्यांसाठी तिकिटाची कमाल मर्यादा 30 पौंड ठरली. जर्मनीत चित्र वेगळे आहे. तेथे क्लबाच्या मतदानाचा बहुमताचा हक्क सभासदांच्या संस्थेकडे राहावा असा नियम आहे, आणि डॉर्टमुंडच्या दक्षिण बाजूला आजही सुमारे 25,000 माणसे उभे राहून सामना पाहतात. दर कोण ठरवतो, याचे उत्तर मालकीत दडलेले असते, हे या दोन देशांच्या तुलनेतून पुरेसे स्पष्ट होते.

2026 च्या विश्वचषकात ही वाटचाल टोकाला पोहोचली. सप्टेंबर 2025 मध्ये फिफाने तिकिटांचे दर 60 डॉलरपासून 6,730 डॉलरपर्यंत जाहीर केले आणि ते मागणीनुसार चढउतार करतील, असे सांगितले. सणासुदीत खाजगी बसचे भाडे जसे चढते, त्याच तत्त्वावर. रोजगार हमीच्या पट्टीवर यातले सर्वांत स्वस्त तिकीट सोळा-सतरा दिवसांच्या मजुरीचे पडते. सर्वांत महागड्यासाठी रोज कामावर जाऊन, काहीही न खाता, पाच वर्षे साठवावे लागेल. अर्थात ही तिकिटे गडचिरोलीतल्या कुरखेड्याच्या मजुरासाठी छापलेली नव्हती, हे मान्यच आहे.

महाराष्ट्रात फुटबॉलची दोन अर्थकारणे शेजारीशेजारी नांदतात. 2014 मध्ये सुरू झालेली इंडियन सुपर लीग ही मालक, प्रायोजक आणि प्रक्षेपण यांवर उभी आहे. कोल्हापूरचे फुटबॉल याच्या अगदी उलट टोकाचे. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा यांसारखी तालीम मंडळे पेठांच्या अभिमानावर संघ उभे करतात, बाहेरगावचे, प्रसंगी आफ्रिकेतले खेळाडू आणण्याचा खर्च भागातले हौशी देणगीदार उचलतात, आणि छत्रपती शाहू स्टेडियमचे दार सामान्य माणसाला परवडेल असे राहते. करआकारणीने या दोन जगांमध्ये एक रेषाही आखून दिली आहे. वस्तू आणि सेवा करात मान्यताप्राप्त क्रीडास्पर्धेचे माणशी 500 रुपयांपर्यंतचे तिकीट करमुक्त आहे, त्यावरच्या तिकिटाला 18 टक्के कर लागतो, तर आयपीएलसारख्या सामन्यांच्या तिकिटावर 22 सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के कर आहे. नाटकाच्या तिकिटालाही 500 रुपयांची हीच सूट मिळते, आणि चंद्रपूर-गडचिरोलीच्या दृष्टीने ही बाब महत्त्वाची आहे, कारण येथे खेळ आणि नाटक एकाच वहीत मांडले जातात.

या दोन जिल्ह्यांत, तसेच भंडारा आणि गोंदिया भागात पसरलेल्या धानाच्या पट्ट्याला झाडीपट्टी म्हणतात. दिवाळी झाली की येथे गावोगाव मंडई भरते. मंडई म्हणजे बाजार, दंडारीसारखे लोकनाट्य आणि पाहुण्यारावळ्यांची भेट यांचा मिळून होणारा गावाचा उत्सव. त्यानंतर होळीपर्यंत दिवसा शंकरपट आणि रात्री नाटक असा हंगाम चालतो. शंकरपट ही बैलजोड्यांची शर्यत. जोड्यांच्या मालकांकडून प्रवेश फी घेतली जाते, बक्षिसांची रक्कम वर्गणी आणि देणगीतून उभी राहते, आणि शेताच्या धुऱ्यावर उभ्या असलेल्या प्रेक्षकाला सहसा काहीही द्यावे लागत नाही. रात्रीचे नाटक मात्र तिकिटाचे असते. देसाईगंज, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेले वडसा, हे नाटक कंपन्यांचे मुख्य ठाणे. कंपनी एका रात्रीच्या प्रयोगाचे ठरीव पैसे गावातल्या आयोजक मंडळाकडून घेते, तिकीटविक्री मंडळ करते, आणि नफा झाला तर तो गावच्या कामाला लागतो, तोटा झाला तर मंडळाच्या अंगावर येतो. पुढच्या खुर्चीचा दर जास्त, जमिनीवरच्या बैठकीचा कमी, पण एकंदर दर करमुक्त मर्यादेच्या आतच राहतात. या रंगभूमीवर आयुष्य घालवलेले कुरखेडा तालुक्यातील गुरनोलीचे परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली.

दिवसा मोफत आणि रात्री तिकीट, या रचनेत जाणता हिशेब आहे. पटाने जमवलेली गर्दी नाटकाच्या तंबूकडे वळते, आणि पाहुणे मुक्कामी राहिले की दोन्हींना लाभ होतो. तिकिटात न दिसणारा एक मोठा खर्च येथे गावातल्या घरांवर पडतो. पट आणि नाटकाच्या निमित्ताने आलेल्या लेकी-जावयांचा, सोयऱ्यांचा पाहुणचार करण्याचा तो खर्च असतो आणि पुढे त्यांच्या गावच्या मंडईत तो उलट बाजूने फिटतो. हंगामाची निवडही अशीच शहाणपणाची आहे. धान कापून, मळून झालेले असते, हातात थोडा पैसा असतो आणि बुडण्यासारखी मजुरी कमी असते. इंग्लंडच्या कामगाराला शनिवार दुपारच्या सुट्टीने जे दिले, ते झाडीपट्टीला धानाच्या पंचांगाने दिले आहे.

सुरक्षिततेची किंमत कोण मोजतो, या प्रश्नावर तर शंकरपट आणि इंग्लिश फुटबॉल यांची तुलना फारच उद्बोधक ठरते. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्राण्यांवरील क्रूरतेच्या कारणावरून बैलांच्या शर्यतींवर बंदी घातली. महाराष्ट्राने 2017 मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, परंतु शर्यतींना प्रत्यक्ष परवानगी 16 डिसेंबर 2021 रोजी मिळाली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरवली. मधल्या काळात दिवसाचा मोफत खेळ बंद होता आणि हंगामाचा भार एकट्या नाटकावर होता. आता पट भरवायचा तर प्रशासनाची परवानगी, अनामत रक्कम, पशुवैद्यकीय तपासणी, रुग्णवाहिका हे सारे सांभाळावे लागते. हे नियम योग्यच आहेत. इंग्लंडमध्ये असाच वाढीव खर्च तिकिटावर चढला. येथे तो मंडळाने, पर्यायाने वर्गणीदाराने आणि देणगीदाराने उचलला, आणि धुऱ्यावरचा प्रेक्षक मोकळाच राहिला. अर्थात देणगीदार बहुतेकदा स्थानिक पुढारी असतो, त्याचे नाव फलकावर ठळक असते, आणि या मोफत दाराचे मोल निवडणुकीच्या दिवसांत वसूल होण्याची शक्यता कोणी नाकारू नये.

फुटबॉल या प्रदेशात आहे, पण ते बहुधा बिनतिकिटाचे आहे. वेकोलि, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्स या कोळसा कंपनीच्या वसाहतींची मैदाने, बल्लारपूरसारखी औद्योगिक गावे आणि शाळांची पटांगणे हीच त्याची ठिकाणे. 15 सप्टेंबर 2017 रोजी राज्य सरकारने एकाच दिवशी दहा लाख मुलांनी फुटबॉल खेळावे असा उपक्रम राबवला, तेव्हा शाळांना चेंडू वाटण्यात आले. खेळणारे वाढावेत याचा विचार त्यात होता; ही मुले मोठा सामना कोठे पाहणार, हा प्रश्न बाजूला राहिला.

तो प्रश्न वाटेचा आहे. गडचिरोली जिल्ह्यात अनेक दशके वडसा हे एकच रेल्वेस्थानक होते. सिरोंचाहून जिल्ह्याचे ठिकाणच दोनशे किलोमीटरहून दूर आहे, आणि पावसाळ्यात, म्हणजे देशात ड्युरँड कपसारख्या स्पर्धा रंगात असतात तेव्हा, पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. सिरोंचाच्या रहिवाशाला मुंबईपेक्षा हैदराबाद कितीतरी जवळ. तेथील हैदराबाद एफसीने 2021-22 ची इंडियन सुपर लीग जिंकलीही होती, पण 2025 मध्ये तो क्लब दिल्लीला हलवण्यात आला. मालकाच्या सोयीने क्लब हलला की दूरच्या प्रेक्षकाचा खर्च एका फटक्यात कित्येक पटींनी वाढतो आणि त्याची नोंद कोणत्याही तिकीटदरात होत नाही.

वाटेचा खर्च कमी करणारे काही निर्णय झाले आहेत. 75 वर्षांवरील ज्येष्ठांना ऑगस्ट 2022 पासून एसटीचा प्रवास मोफत आहे आणि 17 मार्च 2023 पासून महिलांना निम्मे भाडे लागते. जानेवारी 2025 मधील 14.95 टक्के भाडेवाढ जमेस धरूनही महिलांना हा प्रवास पूर्वीपेक्षा स्वस्त आहे. परंतु सवलत बस असेल तेव्हाच उपयोगी पडते. झाडीपट्टीचे नाटक रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालते, त्यामुळे प्रेक्षकाला उजाडल्यावर, पहिल्या एसटीने, वाघाच्या जंगलातून दिवसाउजेडी घरी जाता येते. रात्री साडेनऊला संपणाऱ्या प्रकाशझोतातल्या सामन्याची वेळ या प्रदेशाला मुळीच सोयीची नाही. बल्लारपूरजवळ विसापूर येथे आता मोठे क्रीडासंकुल आहे, डिसेंबर 2023 मध्ये तेथे राष्ट्रीय शालेय मैदानी स्पर्धाही झाल्या. अशा संकुलांवर फुटबॉलच्या स्पर्धा भरवणाऱ्यांनी तिकीट किती ठेवावे यावर डोके शिणवण्यापेक्षा अंतिम सामना दुपारी तीनला ठेवावा, तो धान कापणीनंतरच्या महिन्यांत घ्यावा, आणि स्पर्धेच्या पत्रकावर सामन्याच्या वेळेशेजारी मूल, सिंदेवाही, आष्टी आणि अहेरीकडे जाणाऱ्या शेवटच्या एसटीची वेळ छापावी.