बिबट्या, कुत्रा आणि आपण

ठाण्याच्या घोडबंदर रोडच्या एका अंगाला खाडी, तर दुसऱ्या अंगाला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर आहेत. तेथील बिबट्याचा तुमच्या आरोग्याशी काय संबंध? पाहा. उघड्यावरच्या कचऱ्यावर भटके कुत्रे पोसतात. पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेतून रेबीजचे विषाणू माणसात शिरतात. बिबट्या हे कुत्रे खातो. २०१८ मधील एका शोधनिबंधाच्या अंदाजानुसार येथील बिबटे वर्षाला सुमारे १,५०० कुत्रे खातात; त्यामुळे सुमारे १,००० श्वानदंश टळतात. मात्र कुत्र्यांमागे बिबट्या वस्तीत आला, तर माणसालाही धोका! म्हणून या साखळीची पहिली कडी, म्हणजे कचरा, आपणच तोडायला हवी. आणि कुत्रा चावलाच, तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवा व लगेच दवाखाना गाठून लस घ्या. लक्षणे दिसू लागल्यावर रेबीजचा रोगी सहसा वाचत नाही.