खोली वाढवायची आहे? आधी उतारा बघू



दिवाळी उरकली, कारखान्यांचे पट्टे पडले, की आपल्या श्रीरामपूर तालुक्यात आणखी एक हंगाम सुरू होतो. घर वाढवायचा. पावसाळ्यात गळलेली पडवी पाडायची, पोराचं लग्न ठरलंय म्हणून एक खोली काढायची, गटाचं कर्ज मिळालंय म्हणून गिरणीला किंवा शिलाई मशीनला जागा करायची. घरकुलात राहणाऱ्यांना तर ही गरज लवकरच लागते. घरकुल किमान २५ चौरस मीटरचं, म्हणजे साधारण २६९ चौरस फूट. दोन पोरं मोठी झाली की तेवढ्यात हलायला जागा राहत नाही.

मग आपण काय करतो? गवंड्याला बोलावतो, विटांचा भाव विचारतो, वाळू कुठून आणायची ते बघतो. परवानगीचं कुणी काढलंच तर उत्तर तयार असतं, "आता परवानगी लागत नाही. ३,२०० फुटांपर्यंत माफ आहे, मोबाईलवर आलं होतं."

आज आम्ही त्याच वाक्याबद्दल बोलणार आहोत. कारण ते अर्धं खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्यात आमच्या गटातली एक ताई अडकली होती.

ताईचं घर गावठाणात. बाजूला दहा बाय बाराची जागा मोकळी होती, तिथे गिरणी टाकायची म्हणून तिने कर्ज उचललं. ग्रामपंचायतीत तोंडी विचारलं, "बांधा की" असं तोंडीच उत्तर मिळालं. पाया झाला, जोतं झालं, भिंत लिंटलपर्यंत आली. तेवढ्यात शेजारच्या भाऊंनी तक्रार केली. भिंत बोळात आली, आमची खिडकी बुजली. आठ दिवसांत काम थांबवायची नोटीस आली. ज्यांनी "बांधा" म्हटलं होतं त्यांना काही आठवेना, आणि कागदावर तर काहीच नव्हतं. सिमेंटच्या गोण्या पडवीत पडून दगड झाल्या. हप्ता मात्र दर महिन्याला चालू.

तर आता नियम बघू. आपल्या राज्याच्या ग्रामपंचायत अधिनियमात, तो १९५८ सालचा आहे, कलम ५२ आहे. गावठाणात ग्रामपंचायतीची परवानगी घेतल्याशिवाय इमारत बांधता येत नाही आणि जुनी पाडून पुन्हाही बांधता येत नाही, असं त्यात सांगितलंय. जुन्या घराला नवी खोली जोडणं हेही बांधकामच. "आमच्याच घराला लावून काढलीय" म्हणून ते सुटत नाही.

मग ३,२०० फुटांचं काय? डिसेंबर २०२० मध्ये मुंबई आणि काही थोडे भाग सोडून राज्याला एकच बांधकाम नियमावली लागू झाली. त्यानंतर २०२१ च्या सुरुवातीला ग्रामविकास विभागाने जाहीर केलं, की गावातल्या ३,२०० चौरस फुटांपर्यंतच्या जागेवरच्या बांधकामासाठी नगररचनाकाराच्या परवानगीची गरज नाही. नगररचनाकाराच्या, मैत्रिणींनो. म्हणजे नकाशा घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी खेटे घालायचे वाचले. ग्रामपंचायतीत कागद द्यायचे ते सुटलेलं नाही. मोबाईलवर येता येता "नगररचनाकाराच्या" हा एक शब्द गळाला आणि सगळ्यांनी "परवानगी नको" एवढंच ऐकलं.

दुसरी गोष्ट, हे फूट खोलीचे नाहीत, जागेचे आहेत. पूर्ण प्लॉट किती ते मोजायचं. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. म्हणजे १,६०० फूट हा साधारण दीड गुंठा झाला आणि ३,२०० फूट जवळजवळ तीन गुंठे. त्याप्रमाणे तीन प्रकार पडतात.

जागा दीड गुंठ्याच्या आत असेल तर मालकीचा कागद, जागेचा नकाशा, बांधकामाचा नकाशा आणि "हे नियमाला धरून आहे" असा परवानाधारक अभियंत्याचा दाखला, हे सगळं ग्रामपंचायतीत द्यायचं, शुल्क भरायचं आणि काम सुरू करायचं. दीड ते तीन गुंठे असेल तर कागद हेच, पण शुल्क किती ते ग्रामपंचायत दहा दिवसांत कळवते, ते भरल्यावर पुढच्या दहा दिवसांत बांधकाम सुरू करायचा दाखला देते. तो हातात आल्यावरच कुदळ मारायची. तीन गुंठ्यांच्या वर गेलात की नगररचनाकार आलाच.

शुल्कात दोन नावं ऐकू येतील, विकास शुल्क आणि कामगार उपकर. उपकर बांधकाम मजुरांच्या कल्याणासाठी असतो. स्वतःच्या राहत्या घराचा खर्च पन्नास लाखांच्या आत असेल तर तो लागत नाही, एवढं लक्षात ठेवा आणि मागितला तर विचारा. अभियंता वेगळे पैसे घेईल. ते बघून पुष्कळ जणी मागे फिरतात. आमचं म्हणणं असं, की दोन हजार विटा वाया जाण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. शिवाय आपली जमीन काळी. पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगा पडतात. जुन्या भिंतीला नवी भिंत नुसती चिकटवली की वर्षाच्या आत दोघींमध्ये बोट जाईल एवढी चीर पडते. अभियंता नकाशावर सही करणार असेल तर पायाचंही त्यालाच विचारून घ्यावं.

हे झालं बांधकामाचं. ताईची खरी अडचण मात्र पुढे होती. नोटीस आल्यावर ती शहाण्यासारखी रीतसर अर्ज करायला गेली. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी, त्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, रजिस्टर उघडलं. घर सासऱ्यांच्या नावावर. सासरे जाऊन नऊ वर्षं झालेली. अर्ज कोण करणार? मयत माणूस अर्ज करू शकत नाही आणि ताईचं किंवा तिच्या नवऱ्याचं नाव कुठेच नाही. घरपट्टी भरणारी ती, कर्ज काढणारी ती, आणि कागदावर घराशी तिचा संबंधच नाही.

म्हणून आम्ही सांगतो, गवंड्याच्या आधी उतारा. ग्रामपंचायतीकडून नमुना नंबर ८ चा उतारा काढा. लोकसेवा हक्क अधिनियमाखाली तो पाच दिवसांत मिळायला हवा. त्यावर नाव कुणाचं, क्षेत्र किती, बांधकाम कसलं लिहिलंय ते घरात बसून मोठ्याने वाचा. पण हेही समजून घ्या, की नमुना ८ हे कर आकारणीचं रजिस्टर आहे. ते मालकी सिद्ध करत नाही. मालकीसाठी खरेदीखत, सनद किंवा मालमत्ता पत्रक लागतं. गावठाणावर ड्रोन फिरले होते ते आठवतंय? ती स्वामित्व योजना. एप्रिल २०२० मध्ये ती जाहीर झाली. ज्या गावांची मोजणी पुरी झाली तिथल्या घरांची मालमत्ता पत्रकं भूमी अभिलेख कार्यालयात मिळतात. तुमच्या गावचं झालं असेल तर आपल्या पत्रकावरचा नकाशा बघाच. बोळ किती फुटांचा, ओटा आपल्यात येतो की रस्त्यात, हे भांडणाआधीच कळतं.

ताईला मग वारस नोंद करावी लागली. मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र, दोन दिरांची संमती, आणि नाशिकला दिलेल्या नणंदेची सही. इथे थोडं थांबून बोलायला पाहिजे. नणंदेचा वडिलांच्या मिळकतीत भावांइतकाच वाटा असतो. बांधकामाला "माझी हरकत नाही" असं लिहून देणं वेगळं आणि हक्कसोडपत्र करून देणं वेगळं. घाईत एकाच्या नावाखाली दुसरा कागद पुढे सरकवला जातो, हे आम्ही पाहिलेलं आहे. आपण उद्या आपल्या माहेरी नणंदच असतो. ताईने नणंदेला फोन करून नीट सांगितलं, तिने हरकत नसल्याचं लिहून दिलं, वाटा तिचा तिच्याकडे राहिला. कुणाचं काही बिघडलं नाही.

वारस नोंद होतच होती तेव्हा आम्ही ताईला आणखी एक करायला लावलं. नमुना ८ वर नवरा-बायको दोघांची नावं लावावीत असा शासनाचा निर्णय २००३ सालचा आहे. पुष्कळ गावांत तो माहीतही नाही. नवऱ्याने संमतीचा अर्ज द्यायचा, त्याला खरेदीखत करावं लागत नाही. वर म्हटलं तसं, या रजिस्टरावर नाव लागलं म्हणजे पूर्ण मालकी आली असं नाही. तरीही बँकेत, परवानगीच्या अर्जावर, किंवा घरात कधी वेळ आली तर, नाव असणं आणि नसणं यात फार फरक पडतो.

आता घर कुठे आहे त्यावर काय बदलतं ते पटकन सांगतो.

श्रीरामपूर शहरात राहत असाल तर ग्रामपंचायतीचा संबंध नाही, नगरपरिषदेकडे परवाना असलेल्या अभियंत्यामार्फत अर्ज करायचा. आपल्या गावांतून दौंड-मनमाड रेल्वे जाते. रेल्वेच्या हद्दीपासून ३० मीटरच्या आत बांधायचं असेल तर रेल्वेचा ना हरकत दाखला लागतो. प्रवरेच्या काठी बेलापूरकडे किंवा गोदावरीच्या काठी घर असेल तर पूररेषा विचारा. निळ्या रेषेच्या आत बांधू देत नाहीत, निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये अटी असतात. मोठ्या रस्त्याला लागून असेल तर रस्त्यापासून किती सोडायचं ते वेगळं.

शेतातल्या वस्तीवर असाल तर शेतकऱ्याला स्वतःच्या शेतात राहायला आणि अवजारं ठेवायला शेतघर बांधता येतं. पण त्याच शेतात दुकान किंवा गिरणी काढली की तो शेतीचा वापर राहत नाही, तिथे तहसील कार्यालयात विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. आणि हरेगावसारख्या ठिकाणी शेती महामंडळाच्या जुन्या वसाहतींत पिढ्यान् पिढ्या राहणारी कुटुंबं आहेत. त्यांचा प्रश्न खोलीचा नाही, जागेचाच आहे. जागा महामंडळाची असताना ग्रामपंचायत वाढीव बांधकामाला परवानगी देऊ शकत नाही. तिथल्या मैत्रिणींना खोटी आशा आम्ही दाखवणार नाही. पक्क्या बांधकामात कर्जाचा पैसा घालू नका, एवढंच आज सांगता येतं.

सगळ्यालाच परवानगी लागते असंही नाही. गिलावा, रंग, फरशी, दार-खिडकी बदलणं, आहे त्याच उंचीवर पत्रे किंवा कौलं बदलणं, ही दुरुस्ती. त्यासाठी कुणी अडवत नाही. पडवीला चारी बाजूंनी भिंती घालून तिची खोली केली की मात्र ते बांधकाम झालं.

शेजाऱ्याच्या खिडकीचं राहिलंच. आपली जागा असली म्हणून त्याचा उजेड बंद करता येतोच असं नाही. वीस वर्षं बिनतक्रार चालत आलेल्या उजेड-वाऱ्यावर त्याचा हक्क तयार होतो, आणि हा कायदा १८८२ पासून आहे. ताईच्या शेजाऱ्यांची खिडकी तिच्या लग्नाआधीपासूनची होती. म्हणून अर्ज करण्याआधी शेजारी जाऊन चहा प्या, सुतळी लावून दाखवा कुठे भिंत येणार ते. शोषखड्डा कुठे आहे तेही त्याच वेळी बघा. नव्या खोलीची जमीन शोषखड्ड्यावर आलेली आम्ही दोन घरांत बघितलीय. उपसायची वेळ आली तेव्हा नवी फरशी फोडावी लागली.

अर्ज देताना दोन प्रती करा. एक द्यायची, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख, सही-शिक्का घेऊन घरी आणायची. "ठेवून जा, बघतो" म्हणाले तरी पोच घेतल्याशिवाय उठू नका. एकटीला संकोच वाटत असेल तर गटातल्या दोघी-तिघी बरोबर जा. नाही म्हणणार असतील तर कारणासकट लेखी मागा. लेखी नकार आला तर पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांकडे जाऊन बोलता येतं. तोंडी नकाराचं आणि तोंडी होकाराचं वजन सारखंच, म्हणजे काही नाही.

ताईला सगळ्याला सात महिने लागले. भिंत दोन फूट आत घ्यावी लागली, खिडकी मोकळी राहिली, गिरणी दहा बाय दहात बसली. लिंटलपर्यंतची एक भिंत पाडण्यात गेलेला पैसा काही परत आला नाही, त्याचे हप्ते ती अजून फेडते आहे. दळणाला सगळ्यात आधी आले ते शेजारचे भाऊ.

पुढच्या मासिक बैठकीला येताना प्रत्येकीने आपल्या घराचा नमुना ८ चा उतारा घेऊन या. हप्ते झाल्यावर एकेकीचा वाचू.