कॅल्शियमचा संदेश आणि जनुकांचे कार्य

मराठीत 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे दुबळा. भेद केवळ स्वराच्या लांबीचा. पण अर्थ पालटतो. आपल्या रोगप्रतिकारक पेशींतही संदेश किती काळ टिकतो, यावर त्याचा परिणाम ठरतो. शास्त्रीय गद्याचा अभ्यास करताना ही प्रक्रिया समजून घेऊ.

विश्रांत टी-पेशीच्या आत मुक्त कॅल्शियमचे प्रमाण बाहेरच्यापेक्षा सुमारे दहा हजार पटींनी कमी असते. पेशीने जंतूचा अंश ओळखला, की प्रथम तिच्या आतील छोटा साठा मोकळा होतो. साठा रिता झाल्याचे 'स्टिम' हे प्रथिन हेरते आणि पेशीपटलावरील 'ओराय' हे द्वार उघडते. शेततळे आटल्यावर कालव्याचे आवर्तन सुटावे, तसे बाहेरचे कॅल्शियम आत येत राहते.

हे कॅल्शियम 'कॅल्सिन्युरिन' या विकराला कार्यप्रवृत्त करते. ते विकर 'एनफॅट' या प्रथिनावरील फॉस्फेट दूर करते. मग एनफॅट केंद्रकात शिरते आणि इंटरल्युकिन-२ सारख्या प्रतिकाराच्या जनुकांना चालना देते. प्रवाह थांबला, की एनफॅट केंद्रकाबाहेर परतते.

१९९७ मध्ये डॉल्मेच व सहकाऱ्यांनी बी-पेशींवरील प्रयोगांतून दाखवले, की कॅल्शियमची मोठी पण अल्पकालीन लाट 'एनएफ-कॅपा-बी' या प्रथिनाला जागवते. सौम्य पण दीर्घकाळ टिकणारी पातळी एनफॅटला जागवते. कॅल्शियम तेच, लाटेची उंची आणि लांबी बदलली, की वेगळी जनुके कामाला लागतात.

ओराय द्वाराचा शोध २००६ मध्ये लागला. त्यात भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञ अंजना राव यांच्या गटाचा मोठा वाटा होता. या द्वाराच्या जनुकात दोष असलेल्या बालकांना साधा संसर्गही जीवघेणा ठरू शकतो. अशा जन्मजात प्रतिकारदोषांचे निदान मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय संशोधन संस्थेत केले जाते.

याच्या उलट, मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर हा संदेश मुद्दाम मंद करावा लागतो. टॅक्रोलिमस हे औषध कॅल्सिन्युरिनला रोखते. मात्रा चुकली, तर शरीर परक्या मूत्रपिंडावर हल्ला करू शकते. ती अधिक झाली, तर जंतुसंसर्गाचा आणि मूत्रपिंडालाच इजा होण्याचा धोका वाढतो. म्हणून रक्तातील औषधाची पातळी वारंवार तपासतात.

येथे भाषेचा प्रश्न उभा राहतो. 'संदेश', 'ओळखणे', 'जागवणे' ही रूपके आहेत. पेशीत बोलणारा वा ऐकणारा कोणी नसतो. रूपकाने वाट दाखवावी आणि नेमक्या संज्ञेने ती पक्की करावी, हे शास्त्रीय गद्याचे सूत्र होय. अकोल्यातील वा पाथर्डीतील रुग्णाच्या घरी 'गोळी वेळेवर का घ्यायची?' याचे उत्तर मराठीत मिळाले, तरच त्या गद्याचे सार्थक झाले.

स्वयं-अध्ययन प्रश्न
१. कॅल्शियमच्या संदेशात कालावधीचे महत्त्व स्पष्ट करा.
२. प्रस्तुत लेखातील दोन रूपके शोधून त्यांच्या मर्यादा सांगा.