दवाखान्यातलं ‘ते’ जड दार बंदच का असावं? फायर डोअर नीट बसवलंय की नाही, असं ओळखा

भंडारा : ९ जानेवारी २०२१ ची ती रात्र जिल्ह्यातलं कोणीच विसरलेलं नाही. भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयातल्या नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षाला मध्यरात्रीनंतर आग लागली. कक्षात १७ लेकरं होती. ७ वाचली, १० गेली. तेव्हाचे आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी सांगितलं होतं, की तिघांचा मृत्यू भाजून आणि सात जणांचा धुरानं गुदमरून झाला.

म्हणजे ज्वाळेपेक्षा धुरानं जास्त जीव घेतले. आगीत बहुतेक ठिकाणी हेच होतं. ज्या खोलीत आग लागली, तिथलं नुकसान दार थांबवू शकत नाही. पण धूर बाजूच्या वॉर्डात, जिन्यात जाऊ न देणं हे दाराचंच काम. त्यासाठीच मोठ्या इमारतींत फायर डोअर असतं. हे दार ठराविक वेळ, कुठं एक तास तर कुठं दोन तास, आग अडवेल अशी चाचणी घेऊन बनवतात.

आता खरी गोष्ट. महागडं दार आणलं आणि चुकीचं बसवलं, तर ते साध्या दारासारखंच. चाचणी दार, चौकट, बिजागऱ्या, कुलूप सगळ्यांची मिळून झालेली असते. नुसता पल्ला आणून जुन्या चौकटीत ठोकला की त्या चाचणीला अर्थ उरत नाही. सर्वात जास्त चूक होते ती चौकट आणि भिंत यांच्यामधल्या फटीत. मिस्त्री तिथं साधा फोम मारतो, वरून पट्टी ठोकतो, दिसायला एकदम चकाचक! तो फोम आगीत लगेच जळतो आणि धुराला वाट मिळते. तिथं सिमेंटचा माल, रॉकवूल किंवा आगीसाठी तपासलेला मसालाच भरायला पाहिजे.

पल्ला आणि चौकट यांच्यातली फट साधारण तीन मिलिमीटर असावी. एक रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवून पाहा, अंदाज येईल. त्याच कडेला खाचेत एक पट्टी बसवलेली असते. साधारण दोनशे अंश उष्णता लागली की ती फुगते आणि फट बुजवते. पण धूर तर त्याआधीच, थंड असतानाच पसरतो ना? म्हणून सोबत ब्रशसारखी किंवा रबरी धूर-पट्टीही लागते. रंगारी हिच्यावरून ऑइल पेंट फिरवतात, ती कडक होते, मग काही कामाची राहत नाही. पट्टी तुटलेली, उखडलेली असेल तर बदलायलाच हवी.

वर लावलेला डोअर क्लोजर दार आपोआप लावतो. तपासायचं कसं? दार अर्धं उघडून सोडून द्या. हात न लावता पूर्ण मिटून खटका बसला पाहिजे. आपल्याकडे मात्र दवाखान्यात हवा येत नाही म्हणून दाराला वीट नाहीतर खुर्ची अडकवलेली दिसते. काही ठिकाणी तर चोरीच्या भीतीनं बाहेर पडायच्या दारालाच साखळी-कुलूप! ही दोन्ही कामं जीवघेणी आहेत. सुटकेच्या दाराला आतून किल्लीशिवाय उघडता आलं पाहिजे.

तुमसर असो की लाखांदूर, रुग्णासोबत दवाखान्यात गेलात तर एवढं नक्की पाहा आणि वीट दिसली तर सिस्टरला सांगा. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याखाली येणाऱ्या इमारतीच्या मालकाला किंवा ताबेदाराला दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा चालू असल्याचं प्रमाणपत्र, म्हणजे ‘फॉर्म बी’, द्यावं लागतं. सरकारी दवाखाना असेल तर त्याची प्रत माहिती अधिकारात मागता येते.

घरी सहसा फायर डोअर नसतं. पण एका खोलीत आग लागली तर सगळे बाहेर निघताना त्या खोलीचं दार ओढून घ्या. साधं लाकडी दारही काही मिनिटं धूर अडवतं.