चार जीबीचा हिशेब

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला मोफत सुरक्षा-अपडेट देणे बंद केले. घरगुती ग्राहकांना वर्षभराची वाढीव मुदत मिळाली, पण ती मुदतच. पुढची वाट विंडोज ११ ची. त्या वाटेवर टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप लागते आणि मान्यताप्राप्त प्रोसेसरांच्या यादीत आपला प्रोसेसर असावा लागतो. इंटेलच्या बाबतीत ही यादी साधारण आठव्या पिढीपासून सुरू होते. म्हणजे २०१६ साली घेतलेला, आठ जीबी रॅमचा धडधाकट लॅपटॉपही नापास. तो काम करू शकत नाही म्हणून नव्हे, यादीत नाही म्हणून. अशा वेळी कोणीतरी जाणकार सांगतोच, ‘लिनक्स टाका, लॅपटॉप पळायला लागेल.’ सल्ला योग्य आहे. त्यामागे सांगितले जाणारे कारण मात्र अर्धेच खरे आहे, आणि त्या उरलेल्या अर्ध्यापायी अनेकांचा आठवडाभरात हिरमोड होतो.

खरा अर्धा भाग आधी पाहू. चार जीबी रॅमच्या लॅपटॉपवर विंडोज १० नुसते सुरू होऊन बसले, तरी दीड ते दोन जीबी मेमरी गुंतलेली असते. लिनक्समध्ये हा आकडा आपण कोणता डेस्कटॉप निवडतो यावर ठरतो. उबुंटूचा नेहमीचा नोम डेस्कटॉप एक जीबी सहज ओलांडतो. लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती किंवा लुबुंटूचा एलएक्सक्यूटी त्याहून बऱ्याच कमी मेमरीत भागवतात, आणि अँटीएक्ससारखी मुद्दाम कृश ठेवलेली प्रणाली दोन-अडीचशे एमबीत उभी राहते. तेव्हा ‘लिनक्स हलके असते’ हे सरसकट विधान चूक. हलके लिनक्स निवडता येते, हे बरोबर. मुळात लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये हेलसिंकीत हा प्रकल्प सुरू केला, तो चार एमबी रॅमच्या ३८६ संगणकावर, म्हणजे आजच्या या ‘अपुऱ्या’ चार जीबीच्या हजाराव्या हिश्शात. लिनक्सचा आजचा गाभा (कर्नल) त्यापेक्षा कितीतरी मोठा आहे, पण अडचण गाभ्याची नाहीच. जड असतो तो त्याच्यावर चढवलेला साज.

तर हलका डेस्कटॉप निवडून एक-सव्वा जीबीची बचत झाली. आता ब्राउझर उघडा. मेल, बँक, वर्तमानपत्र, एखादा व्हिडिओ, व्हॉट्सॲप वेब अशा पाच-सात टॅबांतच वाचवलेली मेमरी संपते, कारण संकेतस्थळ जेवढी मागेल तेवढी मेमरी ते विंडोजवर मागते तशीच लिनक्सवरही मागते. त्यामागे निव्वळ उधळपट्टी नाही. २०१८ मध्ये ‘स्पेक्टर’ हा प्रोसेसरमधला दोष उघड झाल्यावर क्रोमने प्रत्येक संकेतस्थळाला स्वतंत्र प्रक्रियेत कोंडायला सुरुवात केली, जेणेकरून एका पानाला दुसऱ्याची माहिती चोरता येऊ नये. या सुरक्षेची किंमत सुमारे दहा ते तेरा टक्के जादा मेमरी आहे, असे गूगलनेच तेव्हा सांगितले होते. व्हिडिओचे दुखणे आणखी निराळे. यूट्यूब आता बहुधा व्हीपी-९ किंवा एव्ही-१ या पद्धतीने दाबलेला व्हिडिओ पाठवते. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या ग्राफिक्स चिपला फक्त जुनी एच-२६४ पद्धत उलगडता येते. मग सगळा भार प्रोसेसरवर पडतो, पंखा घरघरतो आणि चित्र अडखळते. ब्राउझरमध्ये एच-२६४ चाच आग्रह धरणारे छोटे एक्स्टेन्शन बसवले तर पुष्कळ फरक पडतो, पण हा इलाज ब्राउझरवरचा झाला. त्याचे श्रेय ऑपरेटिंग सिस्टिमला देता येणार नाही.

मेमरी भरल्यावर काय होते, यातच जुन्या लॅपटॉपची खरी कथा आहे. जागा कमी पडली की सिस्टिम सध्या न लागणारे मेमरीचे तुकडे, म्हणजे ‘पाने’, रॅममधून उचलून डिस्कवर ठेवते आणि लागली की परत आणते. यालाच स्वॅप म्हणतात. जुन्या लॅपटॉपमधली फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क इकडून तिकडून माहिती वेचायची झाल्यास सेकंदाला शंभराच्या आसपास खेपा करू शकते. साध्या एसएसडीला त्याच सेकंदात हजारो खेपा जमतात. ‘हँग झाला’ म्हणतो तेव्हा बहुतेकदा प्रोसेसर रिकामाच बसलेला असतो, तबकडीकडे डोळे लावून. लिनक्समध्ये यावर एक सुरेख तोड आहे, झेडरॅम. डिस्कवर जाणारी पाने रॅमच्याच एका कोपऱ्यात दाबून ठेवायची. ती बहुधा निम्म्याहून कमी जागेत मावतात, आणि जुना प्रोसेसरसुद्धा ती उलगडण्याचे काम तबकडीपेक्षा कैक पटींनी लवकर करतो. २०१४ पासून ही सोय लिनक्सच्या मुख्य गाभ्यात आहे, स्वस्त अँड्रॉइड फोन तिच्यावरच तग धरतात, आणि फेडोराने २०२० पासून ती आपोआप सुरू ठेवली आहे. लिनक्सच्या इतर अनेक वितरणांत (डिस्ट्रोंत) ती स्वतः चालू करावी लागते; चार जीबीवाल्याने ते पहिल्याच दिवशी करावे. तरीही खिशात मोजके पैसे असतील तर ते आधी एसएसडीवर घालावेत आणि मग जुन्या बाजारातून मिळणाऱ्या रॅमच्या पट्टीवर. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचा संगणकाचा दुकानदारही हाच क्रम सांगेल, आणि या बाबतीत तो आपला माल खपवायला बोलत नसतो.

मग वेग एसएसडी देते, तर लिनक्सची गरजच काय? विंडोज १० वरच एसएसडी बसवावी की. आक्षेप रास्त आहे, आणि लिनक्सची खरी बाजू इथेच सुरू होते. वाढीव मुदत संपली की वेगवान झालेल्या विंडोज १० ला सुरक्षा-अपडेट मिळणार नाहीत. त्याच यंत्रावरच्या डेबियनला किंवा उबुंटूच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला प्रसिद्धीपासून साधारण पाच वर्षे मिळतात, आणि पुढची आवृत्ती घेताना चिप कोणती आहे असे कोणी विचारत नाही. बँकेचे व्यवहार ज्या यंत्रावर करायचे, त्याला हे अपडेट मिळणे वेगापेक्षा महत्त्वाचे आहे. शिवाय प्रश्न कचऱ्याचाही आहे. २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा झाला आणि त्यातला जेमतेम २२ टक्के रीतसर गोळा झाल्याची नोंद आहे, असे संयुक्त राष्ट्रांचा अहवाल सांगतो. त्या ढिगात निव्वळ यादीत नाव नाही म्हणून एखादा लॅपटॉप जावा, हे मला पटत नाही.

अर्थात लिनक्सही कोणाला जन्मभर सांभाळत नाही. ज्या ३८६ चिपवर ते जन्मले, तिलाच त्याने २०१३ मध्ये निरोप दिला. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने ३२-बिट संगणकांवर नव्याने बसवण्याची सोय बंद केली आणि फायरफॉक्सनेही ३२-बिट लिनक्ससाठी नव्या आवृत्त्या काढणे थांबवले. त्यामुळे एक जीबी रॅमचा ३२-बिट नेटबुक लिनक्सने इंटरनेटवर पुन्हा तरुण होईल, असे कोणी सांगत असेल तर ऐकू नये. त्यावर लेखन होईल, गाणी वाजतील, फार तर पीडीएफ वाचता येईल. रेषा ओढायचीच तर आज मी ती ६४-बिट प्रोसेसर आणि किमान दोन जीबी रॅमपाशी ओढेन. चार असल्यास निर्धास्त.

दुसरा आक्षेप सॉफ्टवेअरचा, आणि तो जास्त वजनदार आहे. टॅलीवर हिशेब ठेवणारे दुकान, कोरलड्रॉ आणि श्री-लिपीवर चालणारा छापखाना यांनी लिनक्सच्या फंदात पडू नये. विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर ‘वाइन’ नावाच्या सॉफ्टवेअरमधून चालवता येतात, पण सगळे चालत नाहीत; आणि चार जीबीत लिनक्स ठेवून त्याच्या पोटात आणखी एक विंडोज चालवणे हा हट्ट झाला. मराठी टायपिंगची भीती मात्र निराधार आहे. युनिकोड देवनागरी आणि इनस्क्रिप्ट कळफलक जवळपास प्रत्येक वितरणात असतोच, सेटिंगमध्ये जाऊन तो निवडायचा एवढेच. अडतात त्या जुन्या बिगर-युनिकोड फाँटमधल्या फायली, आणि त्या फोनवरही अगम्यच दिसतात.

‘बिघडले तर बघणार कोण?’ हा प्रश्न गावोगावी येतो. कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याला लिनक्स येत नाही, हे खरेच. पण केरळमधल्या सरकारी शाळांनी वर्षानुवर्षे मुक्त सॉफ्टवेअरवर संगणक शिकवून दाखवले आहे, तेव्हा सामान्य शिक्षकाला ते झेपत नाही हा समज तिथे तरी टिकला नाही. आपल्याकडे आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्पात लिनक्स आणि लिब्रेऑफिसचे धडे मराठीतून ऐकता येतात. शिवाय बिघाडाची निम्मी शक्यता आधीच तपासता येते. पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवावे, हार्ड डिस्कला हात न लावता. काही ब्रॉडकॉम आणि रिअलटेक चिपा हट्टी असतात, म्हणून वाय-फाय लागते का ते पाहावे. आवाज येतो का, झाकण मिटून उघडल्यावर यंत्र जागे होते का, हेही पाहावे. मग रोजचे टॅब उघडून तासभर काम करावे आणि टर्मिनलमध्ये ‘फ्री’ ही आज्ञा द्यावी. तिच्या ‘फ्री’ रकान्यातला चिमुकला आकडा पाहून घाबरू नये. लिनक्स मोकळी मेमरी डिस्कवरच्या फायली हाताशी ठेवायला वापरते आणि गरज पडताच परत देते. पाहायचा तो ‘अव्हेलेबल’ रकाना. पेन ड्राइव्हवरून चालवताना बदललेल्या फायलीही रॅममध्येच राहतात आणि वाचन संथ असते, त्यामुळे तिथे जे दिसेल त्याहून डिस्कवर बसवलेले लिनक्स थोडे अधिक चांगलेच चालेल.