सही करण्याआधी एकदा तपासा: चिप बनवणारे इंजिनिअर आपल्याला काय शिकवतात



दुकानातला इलेक्ट्रॉनिक काटा, पेमेंट आलं की बोलणारा साऊंडबॉक्स आणि आपल्या गोरेगावकडच्या राईस मिलमधलं काळा दाणा वेगळा काढणारं सॉर्टेक्स मशीन, या तिन्हींत चिप असते. ती बनवणाऱ्या सेमीकंडक्टर कंपनीत इंजिनिअर दिवसभर करतो काय?

आपल्याला वाटतं, रोज नवीन शोध लावत असेल. खरं म्हणजे त्याचा बराचसा वेळ तपासण्यात जातो. पुण्या-बंगळुरूच्या ऑफिसांत चिपचं डिझाइन होतं. एक टीम डिझाइन करते, दुसरी टीम त्यातल्या चुका शोधते. ही दुसरी टीम अनेकदा पहिलीपेक्षा मोठी असते. सगळं पास झालं की डिझाइन कारखान्याकडे जातं, त्याला म्हणतात टेप-आऊट. त्याच्या आधीचे दिवस म्हणजे आपल्या दिवाळीच्या आधीचे दिवस समजा, घरी जायची वेळच ठरलेली नसते.

कारखान्यातलं काम वेगळं. डोक्यापासून पायापर्यंत सूट घालायचा, कारण धुळीचा एक कण चिप बिघडवू शकतो. मशीन रात्रंदिवस चालतात, म्हणून शिफ्ट असते. शेकडो टप्पे पार करून माल तयार व्हायला दोन-तीन महिने लागतात. म्हणजे डिझाइनमध्ये चूक राहिली तर ती कधीकधी महिन्यांनी कळते, आणि तेव्हा खोडरबर चालत नाही. पुन्हा खर्च, पुन्हा वाट बघणं.

विनोद धाम यांचा जन्म १९५० मध्ये पुण्यात झाला. दिल्लीत इंजिनिअरिंग केलं, तिथल्याच एका सेमीकंडक्टर कंपनीत काम केलं आणि १९७५ मध्ये ते शिकायला अमेरिकेला गेले. पुढे इंटेलमध्ये पेंटियम चिपच्या कामाचं नेतृत्व त्यांनी केलं. १९९३ मध्ये पेंटियम बाजारात आली आणि गाजली. पण १९९४ मध्ये थॉमस नाइसली या गणिताच्या प्राध्यापकांना दिसलं की काही भागाकार चुकतात. चिपमधल्या एका तक्त्यात काही नोंदी राहून गेल्या होत्या!

कंपनी आधी म्हणाली, सामान्य ग्राहकाला ही चूक २७,००० वर्षांतून एकदा भेटेल. ग्राहक भडकले. शेवटी डिसेंबरमध्ये मागेल त्याला चिप बदलून द्यायचं ठरलं. फटका बसला ४७.५ कोटी डॉलरचा.

आता माझं ऐका. पहिल्या वर्षी मी दुकानाच्या दोन हजार पिशव्या छापल्या. प्रूफ व्हॉट्सॲपवर आलं, समोर गिऱ्हाईक होतं, न बघता ओके टाकलं. मोबाईल नंबरचा एक आकडा चुकला होता. वर्षभर पेनाने दुरुस्त करत बसलो.

पिशव्यांवर निभावलं. पण परवा एक पोरगा भेटला, वडिलांची धानाची जमीन गहाण ठेवून दुकानासाठी कर्ज काढणार होता. विचारलं, "हिशोब कोणी तपासला?" म्हणाला, "मीच केला ना, सर." भाडं, हप्ता, उधारी मांडली, तर पावसाळ्यातल्या मंदीचे महिने त्याने धरलेच नव्हते. सही त्याने पुढे ढकलली.

तुमचं टेप-आऊट कोणतं ते ओळखा. कर्जाची सही, दुकानाचं डिपॉझिट, मोठी ऑर्डर, जिथून मागे फिरता येत नाही तो क्षण. त्याच्या आधी हिशोब अशा माणसाला दाखवा जो कौतुक करणार नाही, चुका काढेल. थोडा माल घेऊन चार आठवडी बाजार करून बघा. आणि एवढं करूनही चूक गिऱ्हाईकापर्यंत गेलीच, तर वाद घालू नका, आधी माल बदलून द्या.

तपासायला दोन दिवस लागतात. गहाण जमीन सोडवायला किती वर्षं लागतात, ते आपल्या गावात कुणालाही विचारा.

भेटू पुढच्या व्हिडिओत.