खाऱ्या हवेतली रिमोटची गाडी

रिमोटची गाडी म्हटलं की आपल्याला जत्रेतलं किंवा वाढदिवसाचं खेळणं आठवतं. ते चार दिवस पळतं, मग आतल्या एका चक्राचे दाते झिजतात आणि खेळणं माळ्यावर जातं. आत काय आहे हे कुणी पाहत नाही, कारण ते उघडण्यासाठी बनवलेलंच नसतं. १९७० ते १९९० या काळात इंग्लंडमध्ये तयार झालेल्या रेडिओ-नियंत्रित मोटारी या जातीच्या नव्हत्या. त्या खोक्यातून सुट्या भागांच्या रूपात यायच्या आणि विकत घेणाऱ्याने त्या स्वतः जोडायच्या. रविवारच्या शर्यतीत काहीतरी मोडायचं आणि पुढच्या फेरीआधी तिथेच टेबलावर दुरुस्त व्हायचं. या मोटारी आता जगभर जमवल्या जातात, खटपट करून पूर्ववत केल्या जातात. जमवणाऱ्यांमध्ये एक जुना वाद आहे: गाडी पूर्ववत करून कपाटात ठेवावी की चालवावी? कोरड्या, थंड मुलखात या वादाला दोन्ही बाजूंनी उत्तर देता येतं. रत्नागिरीत मात्र, मला वाटतं, एकच उत्तर संभवतं. इथे न चालवलेली गाडी जपली जात नाही. ती फक्त नजरेआड खराब होत राहते.

आधी या गाड्यांची जातकुळी पाहू. लेस्टर शहरातल्या मार्डेव्ह या छोट्या कंपनीने सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला इंधनावर चालणाऱ्या रेडिओ-मोटारी आसपासच्या भागात विकायला सुरुवात केली. पुढे तिच्या एकास-बारा प्रमाणातल्या साध्या विजेरी गाड्या गोल ट्रॅकवर एकमेकींना धडका देत पळण्यासाठी प्रसिद्ध झाल्या. दुसरं मोठं नाव शुमाकर. रेसिंग इंजिनांसाठी नावाजलेल्या कॉसवर्थ कंपनीत ट्रान्समिशनचं काम केलेले सेसिल शुमाकर यांनी १९८०मध्ये नॉर्दम्प्टनला स्वतःचा उद्योग सुरू केला, तो एका लहानशा भागाच्या जोरावर. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून दोन्ही चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारा डिफरन्शियल लागतो. मोठ्या मोटारीत तो दातेरी चक्रांचा असतो. शुमाकर यांनी दात्यांऐवजी दोन गुळगुळीत कड्यांमध्ये पोलादी छर्रे दाबून बसवले. स्क्रू आवळला की पकड वाढते, सैल केला की घसरते, आणि जोराचा झटका बसला तर छर्रे घसरतात पण गिअर तुटत नाही. वजनाला हलका, हाताने जुळवता येणारा हा ‘बॉल डिफ’ पुढे जगभरच्या शर्यतीच्या गाड्यांत गेला.

याच कंपनीची कॅट ही चारही चाकांना ताकद देणारी, दातेरी पट्ट्यांवर चालणारी एकास-दहा प्रमाणातली गाडी १९८६मध्ये आली. दुसऱ्याच वर्षी हॅम्पशरमधल्या रोमसी इथे ऑफ-रोड गाड्यांची जागतिक स्पर्धा भरली. तिथे चारचाकी ताकदीच्या गटात कॅट घेऊन जिंकला तो मासामी हिरोसाका, सतरा वर्षांचा जपानी मुलगा. त्या काळी या खेळाची बाजारपेठ जपानी कंपन्यांच्या ताब्यात होती. तामियाच्या ग्रासहॉपर, हॉर्नेट, हॉटशॉट या गाड्या जगभरच्या दुकानांत होत्या आणि आता त्याच कंपनीने त्या पुन्हा बाजारात आणल्यामुळे नव्या कोऱ्या मिळतात. ब्रिटिश गाड्या त्या मानाने थोड्या निघाल्या आणि लहान कारखान्यांतून निघाल्या. अलीकडे शुमाकरनेही कॅटची नवी आवृत्ती काढली, पण कितीतरी जुन्या ब्रिटिश मॉडेलांचे भाग आता फक्त दुसऱ्या मोडक्या गाडीतूनच मिळतात. त्यामुळे पूर्ववत करणं हे इथे दुकानातून भाग आणून बसवण्याचं काम राहत नाही. मूळ बनवणाऱ्याने हा भाग असाच का केला, हे समजून घेऊन तो नव्याने घडवावा लागतो.

आता रत्नागिरीची हवा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, जून ते सप्टेंबर भिंतींना ओल, आणि बाराही महिने समुद्रावरून येणारं मीठ. अशा गाडीत पाच-सहा तऱ्हेची द्रव्यं एकत्र असतात आणि प्रत्येकाचं या हवेशी वेगळं वैर असतं. पोलादी बेअरिंग आणि छर्रे गंजतात. बॉल डिफच्या कड्यांवर गंजाचा एक ठिपका पडला तरी गाडी वळताना खरखरते. अॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी येते आणि खाली खड्डे पडतात. विजेच्या मोटारीच्या आतल्या तांब्याच्या तुकड्यांवर काळा थर आणि वायरींच्या टोकांवर हिरवा थर धरतो. त्या काळातल्या बऱ्याच गाड्यांत वेगाचं नियंत्रण इलेक्ट्रॉनिक नसून यांत्रिक असे. सर्व्हो नावाची छोटी मोटार एक पातं फिरवी, ते पातं धातूच्या पट्ट्यांवरून सरके आणि रेझिस्टरमधून कमी-जास्त वीज सोडी. या उघड्या पट्ट्या खाऱ्या हवेत पहिल्यांदा दगा देतात. गंजलेले स्क्रू काढून चकचकीत स्टेनलेस स्टीलचे बसवावेत असा मोह होतो. पण स्टेनलेस आणि अॅल्युमिनियम एकमेकांना टेकून राहिले आणि मध्ये खारट ओल आली की त्या जोडीची बारीकशी बॅटरी बनते आणि बळी जातो अॅल्युमिनियमचा. कार्बन फायबरच्या पट्टीला टेकलेल्या अॅल्युमिनियमचंही तेच होतं. स्क्रूला ग्रीस लावून बसवलं आणि ठरावीक काळाने उघडून पाहिलं, तरच ही झीज आटोक्यात राहते.

यावर साहजिक उत्तर येतं की गाडी हवाबंद डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवावी. पोलादासाठी ते ठीक आहे. पण या गाड्यांचे हात, चाकांचे हब, गिअरबॉक्सचे खोके बहुतेक नायलॉनचे असतात आणि नायलॉनचा स्वभाव उलटा. ते हवेतली ओल थोडी शोषून घेतं आणि त्या ओलीमुळेच चिवट राहतं. अगदी कोरडं झालं तर धडक बसल्यावर वाकण्याऐवजी तडकतं. म्हणूनच विलायतेतले शौकीन नवे नायलॉनचे भाग बसवण्याआधी पाण्यात उकळून घेतात. वर्षानुवर्षं गरम, कोरड्या माळ्यावर पडलेल्या इंग्लिश गाडीचा हात हातात घेताच मोडू शकतो. कोकणातल्या दमट हवेत तेच नायलॉन मजेत असतं! म्हणजे ज्या हवेत पोलाद मरतं त्यात नायलॉन जगतं, आणि पोलाद वाचवणारा डबा नायलॉनला मारतो. सगळ्या द्रव्यांना एकाच वेळी मानवेल अशी स्थिर जागा घरात तयार करणं जवळपास अशक्य आहे. माझ्या म्हणण्याचा मुख्य आधार हाच. जागा शोधून प्रश्न सुटत नसेल, तर उरतो तो नेम: गाडी उघडणं, पुसणं, ग्रीस बदलणं, थोडी चालवणं, पुन्हा मिटवणं.

रत्नागिरीला हा नेम नवा नाही. दरसाल १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. तेव्हा मिरकरवाड्यासारख्या बंदरात होड्या वर ओढून शाकारल्या जातात, इंजिनं उघडली जातात, गंज खरवडला जातो. शाकारलेली होडी म्हणजे टाकून दिलेली होडी नव्हे, हे तिथे कुणाला समजावावं लागत नाही. खाऱ्या पाण्यातल्या पितळी-पोलादी भागांचं काय होतं हे इथल्या मेकॅनिकला पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही. पंपाच्या मोटारी रिवाइंड करणारे, लेथवर बुश उतरवून देणारे हात तालुक्याच्या ठिकाणीही सापडतात. चाळीस वर्षांपूर्वीच्या ब्रिटिश गाडीला लागणारं जवळजवळ सारं कसब त्यामुळे आसपास आहे. फक्त मापं लहान आहेत आणि आटे कधी कधी इंची असतात. नवा भाग घडवायला आता थ्रीडी प्रिंटरही मदतीला येतो. मात्र साध्या पीएलए प्लॅस्टिकचा भाग छापून बसवला तर साठ अंश सेल्सिअसच्या आसपास तो मऊ पडतो, आणि मे महिन्यात बंद मोटारीत ठेवलेल्या पेटीला तेवढी उष्णता सहज लागते.

गंभीर संग्राहकांचा आक्षेप इथेच येतो. भाग बदलत गेलात तर शेवटी मूळ गाडी उरली किती? चालवाल तर झिजेल आणि झिजलेलं परत येणार नाही. आक्षेप खोटा नाही. खोकं, छापील सूचनापत्र आणि एकही शर्यत न धावलेली गाडी जशीच्या तशी असेल तर ती जोडूही नये. ती दस्तऐवज आहे आणि तिची जागा वातानुकूलित संग्रहालयात. पण सापडणाऱ्या बहुतेक गाड्या धावलेल्या, मोडलेल्या, आधीच चार वेळा भाग बदललेल्या असतात. त्यांचा ‘मूळ’ क्षण कोणता धरायचा? शर्यतीची गाडी पहिल्या दिवसापासून बदलत जाण्यासाठीच बनवलेली होती. कंपन्या प्रत्येक भाग सुटा विकत आणि प्रत्येक सांध्याची उलगडलेली आकृती देत, ती याचसाठी. बदलताना प्रामाणिकपणा हवा एवढंच. काढलेला भाग फेकू नये, चिठ्ठीसह डबीत ठेवावा. नवा भाग कधी, कशाचा बसवला ते लिहून ठेवावं. आणि नव्या भागाला खोटं जुनेपण आणू नये.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. विलायती खेळण्यांचं हे कौतुक कोकणात कशासाठी? शेजारी सावंतवाडीत लाकडी खेळण्यांची आणि गंजिफांची, म्हणजे हाताने रंगवलेल्या पत्त्यांची, परंपरा आहे. १९८१पर्यंत सावंतवाडी रत्नागिरी जिल्ह्यातच होती. मग जपायचं तर ते जपा. मला हे दोन पर्याय परस्परविरोधी वाटत नाहीत, उलट सावंतवाडीचं उदाहरण माझ्याच बाजूने साक्ष देतं. गंजिफा संग्रहालयात शाबूत होत्याच, तरी कला विझत चालली होती. सत्तरच्या दशकात तिथल्या राजघराण्यातल्या शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी उरल्यासुरल्या वृद्ध चिताऱ्याकडून ती शिकून राजवाड्यात काम सुरू केलं, तेव्हा ती वाचली. टिकलं ते हातातलं काम. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांच्या छंदातून १९९८मध्ये उभं राहिलेलं लघुरेल्वेचं संग्रहालय आहे. तिथे छोट्या गाड्या काचेआड गप्प बसलेल्या नसतात, प्रेक्षकांसमोर धावतात आणि म्हणून त्यांची सतत देखभाल होते. वस्तू आली कुठून यापेक्षा ती उघडून समजून घेणारा माणूस इथे आहे का, हा प्रश्न मला जास्त मोलाचा वाटतो. तशी कोकणात परदेशी वस्तूंची ये-जाही जुनीच. बोटींवर, आखातात, विलायतेत नोकरी केलेल्यांच्या घरी टेपरेकॉर्डर आले तसं एखादं खोकं याही गाड्यांचं आलेलं असू शकतं. आज मागवायचं तर आयात शुल्क डोळे पांढरे करतं. खेळण्यांवरचं हे शुल्क २०२०मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झालं आणि २०२३मध्ये ७०. तेव्हा घरातलं खोकं आधी तपासावं हे बरं.

चालवायची म्हटलं की एका ठिकाणी मात्र मूळपणाचा हट्ट सोडावाच लागतो: रेडिओ आणि बॅटरी. जुने संच २७ मेगाहर्ट्झवर चालत. तपकिरी, तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा अशा सहा रंगांच्या क्रिस्टलांनी कंपनं ठरत आणि दोघांनी एकाच रंगाचं क्रिस्टल लावलं की एकाच्या गाडीवर दुसऱ्याचा ताबा. ब्रिटनमध्ये पुढे जमिनीवरच्या मॉडेलांसाठी ४० मेगाहर्ट्झचा वेगळा पट्टा आला, पण एका देशाचा पट्टा दुसऱ्या देशात चालेलच असं नाही. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५पासून परवानामुक्त आहे आणि आजचे बहुतेक संच त्यावरच चालतात. तेव्हा आत नवा रिसीव्हर बसवावा आणि जुना संच अँटेनासकट शेजारी ठेवावा. सहा घरांची, ७.२ व्होल्टची जुनी निकेल-कॅडमियम बॅटरी तर ठेवूच नये. तिच्यातून झिरपणारं द्रव्य वायरी खातं आणि कॅडमियम विषारी असतं. ती कचऱ्यात न टाकता बॅटरी गोळा करणाऱ्या अधिकृत केंद्राकडे द्यावी. नव्या लिथियम बॅटऱ्या ताकदीच्या असतात, पण त्यांचा जोर जुन्या गिअरना झेपत नाही. त्याच व्होल्टची निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी पुरते.

सगळ्यात नाजूक प्रश्न वरच्या कवचाचा. पारदर्शक पॉलिकार्बोनेटच्या पातळ कवचाला रंग आतून दिलेला असतो, त्यामुळे ओरखडे बाहेर पडतात आणि रंग शाबूत राहतो. पण कडा चिरत जातात आणि थिनर लागला तर कवच जागीच भेगाळतं. आतला रंग काढून पुन्हा देणं म्हणजे त्या पहिल्या मालकाने रात्री बसून पट्ट्या चिकटवून केलेलं काम पुसणं. हे कवच दुरुस्त करू नये. साबणाच्या कोमट पाण्याने धुवावं, चिरेच्या टोकाला बारीक भोक पाडून ती पुढे जाणं थांबवावं, उन्हापासून दूर टांगावं, आणि गाडी बाहेर काढायची तेव्हा तिच्यावर नवं, साधं कवच चढवावं.